वाटी म्हणजे नक्की किती, ते सांगा ना!

काल रात्री साडेअकरा वाजता मी कढईतल्या तुपातून अनारशांचा चुरा झाऱ्याने काढत बसले होते. अनारसे हसले. एखाददुसरा नाही, अख्खा घाणा. तुपात सोडल्यावर छान जाळी पडायची, तर ते कडेने सुटत गेले आणि बघता बघता तळाशी नुसता तपकिरी गाळ. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज आठवणीने पाणी बदललं, निथळून पंच्यावर सावलीत पसरले, दमट असतानाच दळले, चाळले, गूळ घालून पाच दिवस डब्यात मुरू दिलं. आठवड्याच्या वरची मेहनत आणि साजूक तूप वाया गेलं, ते 'एक वाटी पिठाला एक वाटी गूळ' या एका ओळीपायी!

कोणती वाटी? घरात आमटीची वाटी आहे, कोशिंबिरीची आहे, नैवेद्याची आहे. रात्रीच औषधाच्या मापाने पाणी ओतून मोजल्या. नैवेद्याच्या वाटीत 60 मिली मावलं, आमटीच्या वाटीत 170. 'अगं, दोन्हीला एकच वाटी घ्यायची, की झालं,' असं म्हणणाऱ्यांना सांगते, नाही होत! मी एकच घेतली होती. त्याच आमटीच्या वाटीत चाळलेलं पीठ अलगद भरून काट्यावर ठेवलं, 90 ग्रॅम. किसलेला गूळ दाबून भरला, 150 ग्रॅम. अनारशाला गूळ लागतो पिठाच्या वजनाइतका. मी दीडपटीहून जास्त घातला. मग ते हसतील नाही तर काय? गूळ दाबून भरायचा की सैल, याचा त्या रेसिपीत चकार शब्द नव्हता.

'चवीनुसार मीठ' याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमटी चाखता येते, कमी वाटलं तर वरून घालता येतं. पण अनारशाचं पीठ चाखून काय कळणार? चकलीच्या भाजणीत 'बेताचं मोहन', म्हणजे गरम तेल, घालायचं म्हणे. कमी पडलं तर चकली दगड होते, जास्त झालं तर तेलात विरघळते, आणि दोन्ही कळतं कढईत सोडल्यावरच. जिथे चुकलं की सुधारता येत नाही, नेमकं तिथेच हे लोक 'अंदाजे' लिहून मोकळे होतात!

आत्याला फोन केला तर म्हणाली, "अगं, हाताला कळतं ते." कळतं, तिच्या हाताला कळतं. पण तिची फराळाची पितळी वाटी ठरलेली आहे. सासूबाईंपासून चालत आलेली, दुसऱ्या कशालाही ती वापरू देत नाही. मग ते मापच झालं की! आपल्याकडे कधी मापं नव्हती, असं थोडंच आहे? दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. 1956 साली कायदा झाला आणि किलो-ग्रॅम आले. वाण्याकडे काटा जरा हलला तरी आपण भांडतो, आणि स्वयंपाकघरात मात्र 'मूठभर'!

व्हिडिओवाले तर कहर करतात. कॅमेऱ्यासमोर वाटी धरायची आणि म्हणायचं, "मी ही वाटी घेतलीये." अहो, ती तुमच्या ओट्यावर आहे, मी काय करू तिचं? कप म्हणणारे त्याहून वरचे. कोणाचा कप 240 मिलीचा, कोणाचा 250 चा, आणि कोणी सरळ चहाचा कप बुडवतं. रेसिपी लोकांनी करून बघावी म्हणून टाकता ना? मग तिच्यावर कोणाचे आठ दिवस आणि किराणा खर्च होणार आहे, याचं भान ठेवा. काटा चार-पाचशे रुपयांना मिळतो.

डब्यात अजून पीठ उरलंय. ते कसं सुधारायचं म्हणून शोधलं, तर उत्तर काय, 'थोडं तांदळाचं ओलं पीठ मिसळा'. थोडं! शेवटी मीच कागद घेऊन बसले. उरलेला गोळा भरला 480 ग्रॅम, म्हणजे त्यात पीठ 180 आणि गूळ 300. आणखी 120 ग्रॅम पीठ घातलं की बरोबरी होते. पाच मिनिटं लागली मला. रेसिपी लिहिणाऱ्यांना ही पाच मिनिटं का काढता येत नाहीत?