पत्ता नाही म्हणून बीपीची गोळी नाही

विस्थापित म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तंबू येतात. पांढऱ्या तंबूंची रांग, पाण्याचा टँकर, कोपऱ्यात टेबल टाकून बसलेलं आरोग्य पथक. टीव्हीवाल्यांनाही तेच बरं पडतं, एका फ्रेममध्ये सगळं मावतं. पण स्वतःच्याच देशात घरदार सोडून पळावं लागलेली कितीतरी माणसं तंबूत नसतातच, ती शहरात असतात. नातेवाइकाच्या एका खोलीत आठ-दहा जण, अर्धवट सोडून दिलेल्या इमारतीत, नाहीतर शहराच्या पार कडेला पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत. छावणीत निदान तुम्ही कुठे आहात हे कुणालातरी माहीत असतं हो. शहरात तुम्ही आधीच्या गरिबांत मिसळून जाता आणि दवाखान्याच्या हिशोबातून गायब होता.

आणि ही थोडीथोडकी माणसं नाहीत. २०२४ संपताना जगभरात मिळून ८ कोटी ३४ लाख माणसं आपल्याच देशात विस्थापित होती, बहुतेक युद्ध आणि हिंसाचारामुळे, बाकीची पूर-वादळं वगैरेंमुळे. सीमा ओलांडून गेलेल्या निर्वासितांच्या जवळपास दुप्पट! निर्वासितांसाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यांचं बघायला यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी जागतिक पातळीवर काय, तर १९९८ ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं, जी कुठल्याही सरकारवर थेट बंधनकारक नाहीत. वाचायला मात्र छान आहेत. आजारी विस्थापितांना भेदभाव न करता आणि शक्य तितक्या लवकर उपचार मिळाले पाहिजेत असं १९ वं तत्त्व सांगतं, आणि २० वं तर सरळच म्हणतं की हरवलेले कागद परत देताना ‘आधी मूळ गावी जाऊन या’ असली अवाजवी अट घालू नका.

आता हे डोक्यात ठेवून कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून बघा. पहिला प्रश्न काय असतो? काय होतंय हा नसतोच. नाव, पत्ता, ओळखपत्र. पत्ता कुठला सांगायचा? जिथून पळालो तिथला सांगितला तर ‘मग तिकडच्या दवाखान्यात जा’, आणि आत्ता राहतोय तिथला सांगितला तर पुरावा आणा. घरमालक लिहून द्यायला तयार नसतो कारण त्याला एका खोलीत एवढी माणसं ठेवल्याचं कागदावर नकोच असतं. खिडकीतला माणूस वाईट असतो असंही नाही, त्याच्या रजिस्टरमध्ये रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय नंबर निघत नाही. पण त्या एका रकान्यापायी माणूस परत जातो, आणि एकदा परत गेलेला माणूस पुढच्या वेळी येतो तो थेट ॲम्ब्युलन्समधून.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या खिडकीवर पत्ता विचारणं बंद करा. साथीचा हिशोब ठेवायला वस्तीचं नाव पुरतं, त्याला कागद कशाला लागतो.

लोकांना वाटतं विस्थापितांचं आरोग्य म्हणजे कॉलरा आणि गोवर. तेही आहेच, गोवर थोपवायला दोन्ही डोस घेतलेली मुलं शंभरात ९५ तरी लागतात आणि सारखी जागा बदलणाऱ्या कुटुंबातलं पोर नेमकं दुसऱ्या डोसाला निसटतं. सोमालियातल्या मोगादिशूसारख्या शहरात तर विस्थापितांच्या वस्त्याच पुन्हा पुन्हा उठवल्या जातात, म्हणजे लस देणाऱ्या बाईंनी घरोघर फिरून केलेली यादी एका सकाळीत रद्दी. पण साथ आली की निदान धावाधाव होते, बातमी होते. बीपी, शुगर, फिट्स, दमा, टीबी यांची बातमी होत नाही, आणि खरी माणसं तिथे हळूहळू खर्च होतात.

पळताना लोक सोनं घेतात, पोरांना घेतात, फाईल कोण घेतं? फार तर गोळ्यांची अर्धी स्ट्रिप, आणि तीही नेमकी नावाच्या बाजूने कापलेली. उरलेल्या चार गोळ्या आणि मागच्या चंदेरी कागदावर ‘ॲम’ एवढीच अक्षरं. आता हे ॲम्लोडिपिन की ॲमिट्रिप्टिलिन, एक बीपीचं आणि दुसरं डिप्रेशनचं, डॉक्टरने ओळखायचं कसं? आजी सांगते, ‘पांढरी, बारकी, रात्रीची.’ मग डॉक्टर बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, तपासण्या लिहून देतो, त्या बाहेरून करायच्या असतात, पैसे नसतात, आणि गोष्ट तिथेच थांबते. टीबीचं नेहमीचं औषध सहा महिने रोज घ्यावं लागतं, दोन महिने बरं वाटल्यावर मध्येच सुटलं तर आजार उलटू शकतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, मग तोच आजार त्याच खोलीतल्या बाकीच्यांना. डायलिसिसवाल्याकडे तर तेवढाही वेळ नसतो. एप्रिल २०२३ मध्ये सुदानची राजधानी खार्टूममध्ये लढाई पेटली तेव्हा हजारो लोक वाद मदनी या दुसऱ्या शहरात गेले, आणि डिसेंबरात लढाई तिथेही पोचली, परत उठा. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा मशीन लागतं त्याने अशा वेळी काय करायचं?

बरं, हे सुटण्यासारखंच नाही असं कुणी म्हणू नये. युक्रेनमध्ये प्रत्येकाने एका डॉक्टरकडे नाव नोंदवायची पद्धत होती, २०२२ मध्ये युद्ध पसरल्यावर सरकारने विस्थापितांना जुनी नोंदणी न बदलता दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरकडे जायची मुभा दिली. नोंदी आणि प्रिस्क्रिप्शन बऱ्याच अंशी आधीच कॉम्प्युटरवर होती म्हणून ते जमलं हे मान्य. पण जिथे कॉम्प्युटर नाही तिथे एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड चालतं की, औषधाचं पूर्ण नाव, किती मिलीग्रॅम, कधीपासून, रुग्णाच्याच खिशात. आणि घरी जाताना आठवड्याऐवजी दोन महिन्यांच्या गोळ्या द्या. यात रॉकेट सायन्स काय आहे?

‘सगळ्या विस्थापितांची एकदाची नोंदणी करून टाका’ असं म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. जो माणूस कुणाच्यातरी बंदुकीपासून पळालाय तो स्वतःचं नाव आणि ठिकाण एखाद्या यादीत का घालेल? ती यादी उद्या कुणाच्या हातात पडेल याची खात्री तुम्ही देणार का? कोलंबियाने १९९७ मध्येच विस्थापितांसाठी कायदा केला, नोंदणीही ठेवली, तरी २००४ मध्ये तिथल्या संवैधानिक कोर्टाला शंभराहून जास्त अर्ज एकत्र घेऊन सांगावं लागलं की विस्थापितांची ही अवस्थाच घटनेविरुद्ध आहे. म्हणजे बघा, नाव यादीत असलं तरी औषध हातात पडेलच असं नाही. यादी करायची तर करा, पण उपचार तिच्यावर अडवू नका.

तसंच ‘विस्थापितांसाठी खास दवाखाना’ हे खूळ मला अजिबात पटत नाही. फीत कापली जाते, फोटो येतात, फंड संपला की कुलूप. आणि शेजारच्या वस्तीतली बाई बघते की यांना फुकट औषध आणि मला तीन तास रांग, मग भांडणं लागतात, ती चुकीची नसतेच. विस्थापितांसाठी आफ्रिकेतल्या देशांनी २००९ मध्ये केलेल्या कंपाला करारात एक शहाणपणाची गोष्ट आहे, मदतीच्या यादीत वैद्यकीय सेवा तर आहेच, पण गरजेप्रमाणे ती विस्थापितांना सामावून घेणाऱ्या स्थानिकांनाही द्या असं लिहिलंय. म्हणजे आहे तोच दवाखाना मोठा करा. एक नर्स वाढवा, संध्याकाळी दोन तास उघडा ठेवा, कारण रोजंदारीवरचा माणूस सकाळी दहा ते एक येऊच शकत नाही, आला तर त्या दिवसाची मजुरी गेली.

मनाच्या आजाराबद्दल तर बोलायचीच सोय नाही. युद्ध झालेल्या भागात साधारण पाचातल्या एकाला काही ना काही मानसिक त्रास असतो असा अंदाज २०१९ मध्ये आला होता. ती माणसं ‘मला डिप्रेशन आलंय’ म्हणत येत नाहीत. छातीत धडधडतं, हातपाय गळतात, झोप नाही, एवढंच सांगतात, आणि व्हिटॅमिनची गोळी घेऊन परत जातात. दोन मिनिटं जास्त बोलायला डॉक्टरकडे वेळ नाही कारण बाहेर दीडशे जण आहेत.

यावर शहरं म्हणणार, पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. बऱ्याच देशांत आरोग्याचा निधी वाटला जातो तो जनगणनेतल्या लोकसंख्येवर, आणि जनगणना होते दहा वर्षांनी. म्हणजे शहरात पाच वर्षं राहणाऱ्या त्या आजीच्या नावचा पैसा अजून तिच्या जुन्या जिल्ह्याला जातोय, जिथला दवाखाना बंद पडलाय आणि डॉक्टरही तिच्यासारखाच पळून आलाय, बहुतेक याच शहरात.