मारा की मारू नका, त्याआधी गोळी कुठली?

आमच्या कुडाळकडच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर ऑक्टोबरात तोच तंटा होतो. कापणीला आलेलं भात डुकरांनी एका रात्रीत लोळवलं की काकांचा फोटो येतो, खाली ‘सरकारने बंदुकीचे परवाने सोडावेत’. मुंबई-पुण्याचे पुतणे म्हणतात, मुक्या जनावरावर गोळी काय झाडता? काका म्हणतात, ये, चार रात्री राखणीला बस. मग कोणीतरी ग्रुप सोडतो. मी अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला बसून मुकाट वाचतो.

त्याच दिवसांत इथे एल्कच्या शिकारीचा मोसम असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर सहज ३०० किलोचा. मी बंदूक चालवत नाही, पण गेली दोन वर्षं ऑफिसातल्या एका मित्राबरोबर हमाल म्हणून जातो. यंदा त्याच्याबरोबर काडतुसं घ्यायलाही गेलो. दुकानात मर्दुमकीच्या गप्पा ऐकायला मिळतील असं वाटलं होतं. तासभर चर्चा चालली ती गोळी जनावराच्या आत शिरल्यावर काय करते याची.

कोलोरॅडोत त्याचाही कायदा आहे. एल्कसाठी गोळी आत गेल्यावर फुलणारी हवी, किमान ८५ ग्रेनची, म्हणजे साडेपाच ग्रॅमची. साधी गोळी खांद्याच्या हाडावर फुटून विखुरली तर जनावर मरत नाही, कुठेतरी जाऊन दोन दिवस तडफडतं. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याला कॅनडात एका मूसवर, म्हणजे एल्कहूनही थोराड हरणावर, हाच अनुभव आला. त्याने गोळीच्या पोटात आडवी भिंत घातली, पुढचा भाग फुलावा आणि मागचा आत घुसत राहावा म्हणून. १९४८ पासून ती गोळी विकली जाते.

मित्राची रायफल थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे १९०६ च्या लष्करी काडतुसाची. ‘मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची जोरकस, का घेत नाहीस?’ मी विचारलं. म्हणाला, धक्क्याला बिचकणारा माणूस घोडा दाबतानाच डोळे मिटतो. उन्हाळाभर सराव करून त्याने आपली मर्यादा ठरवली आहे: २५० यार्ड. त्यापलीकडे एल्क दिसला तर दुर्बिणीतून बघायचा. (८०० यार्डांवरून मारल्याच्या फुशारक्यांचे व्हिडिओ इथेही ढिगाने आहेत. ती माणसं मला काकांच्या शेतातल्या डुकरांइतकीच नावडतात.)

त्याने घेतली १८० ग्रेनची, निव्वळ तांब्याची. शिशाची गोळी फुटली की कण मांसात आणि रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात. कॅलिफोर्नियातले कॉन्डर गिधाड तसलं खाऊन मरत होते. १९८७ मध्ये जगात २७ उरले होते. त्या राज्यात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. आपली गिधाडं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेली गुरं खाऊन गेली, तशातलीच ही गोष्ट. काडतुसांच्या बिलात उत्पादकाने भरलेला ११ टक्के कर मुरलेला असतो. १९३७ च्या कायद्याने तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

बाकी सामान? अंगावर ५०० चौरस इंच भगभगीत नारिंगी, शिवाय त्याच रंगाची टोपी. दुसऱ्या शिकाऱ्याला आपण माणूस दिसावं एवढ्यासाठी. मुरलेले बूट, सुरी, हवा खेळती राहील अशा मांसाच्या पिशव्या. खाण्याजोगं मांस रानात टाकणं गुन्हा आहे. गेल्या वर्षी एका मादीचं मांस आम्ही हेडलॅम्पच्या उजेडात चार खेपांत खाली आणलं. तिसऱ्या खेपेला माझे गुडघे मागे वळून चालताहेत असं वाटत होतं.

हे उचलून कोकणात आणा असं मी म्हणणार नाही. रायफलची गोळी चुकली तर काही किलोमीटर जाऊ शकते. इथे मागे डोंगर असतो, आमच्याकडे शेजाऱ्याची पडवी. पण ग्रुपवर कधीच निघत नाही तो विषय इथे सगळ्यात आधी निघतो. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. बार लागून डुक्कर रानात घुसलं तर ते सकाळी रक्ताच्या मागावर जात, कारण जखमी डुक्कर लाकडं आणायला गेलेल्या बाईवर येतं. आता परवानगी कागदावर मिळते, पण रानात चालतात गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली वीज. विदर्भात त्या विजेने वाघही मेले, शेतकरीही. ‘मारू नका’ म्हणणाऱ्या पुतण्यांना ही मरणं मोजायची नसतात आणि ‘मारा’ म्हणणाऱ्या काकांना मागावर जायचं नसतं.

परवा न राहवून मी ग्रुपवर लिहिलं: कशाने मारणार, किती अंतरावरून, आणि जखमी झालं तर मागावर कोण जाणार?

पुतण्यांपैकी कोणी काही बोललं नाही. काकांनी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं: ‘कशाने म्हणजे? निवडणूक लागलीय, बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे.’