कोकण कृषी विद्यापीठाने काही दिले नाही, असे म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात माझ्या मामेभावाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर पाठवला. तोच मजकूर आधी दोन ठिकाणांहून माझ्याकडे आला होता आणि मी तो सोडून दिला होता. परंतु वेंगुर्ले तालुक्यात स्वतःची काजूची बाग असलेल्या माणसाने ‘अगदी खरे आहे’ असे लिहून तो पुढे पाठवावा, हे मला सहन झाले नाही. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे की, १९७२ साली दापोलीत स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकणाला काहीही दिलेले नाही. गावाला मिळते ते फक्त खोल्यांचे भाडे आणि खानावळींचा धंदा. शिकलेली मुले बाहेर निघून जातात. रोपे विकूनही संस्थेला स्वतःचा खर्च भागवता येत नाही. तेव्हा ती बंद करून तो पैसा शेतकऱ्यांच्या खात्यात थेट भरावा.

‘काहीही दिलेले नाही’ हे विधान मामेभावाच्या घराच्या पायरीवर उभे राहिले तरी खोटे ठरते. मामाने १९९० नंतर, रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवड योजनेतून कातळाच्या कडेला जी झाडे लावली, ती वेंगुर्ला-४ या जातीची होती, आणि मामेभावाने पुढे लावलेली वेंगुर्ला-७ ची आहेत. या दोन्ही जाती विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातील फळ संशोधन केंद्राने अनुक्रमे १९८१ आणि १९९७ मध्ये दिल्या. वेंगुर्ला-७ ची बी साधारण दहा ग्रॅम भरते, म्हणजे किलोला शंभराच्या आसपास बिया लागतात. आमच्या लहानपणी डोंगरावर जी गावठी झाडे होती, त्यांच्या बिया याच्या निम्म्याच्या घरात असत. बी मोठी, गर मोठा आणि बी फोडल्यावर गराचा उतारा चांगला, म्हणूनच कारखानदार या बीला वेगळा भाव लावतो.

जाती नसत्या तरी लोकांनी चांगल्या झाडाच्या बिया लावल्याच असत्या, असे कोणी म्हणेल. पण काजूत परपरागीभवन होते, म्हणजे एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे उत्तम झाडाची बी रुजवली तरी उगवणारे झाड आईसारखे निघेल याची खात्री नसते. गुण टिकवायचे तर निवडलेल्या झाडाची काडी खुंटावर बांधून कलम करावे लागते, आणि त्यासाठी आधी कोणीतरी संकर करून, शेकडो झाडे वाढवून, ती फळायला लागेपर्यंत थांबून, पुढे कित्येक हंगाम त्यांच्या उत्पन्नाच्या नोंदी ठेवून त्यांतले एक झाड निवडलेले असावे लागते. दोन-चार एकरांच्या बागायतदाराला इतकी वर्षे थांबणे परवडत नाही, आणि खाजगी कंपनीला त्यात रस नसतो, कारण एकदा कलम विकले की त्याच झाडाच्या काड्यांवरून कोणीही हजार कलमे बांधू शकतो.

रोपे विकून खर्च भागत नाही, या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे. जातीचा लाभ विद्यापीठाच्या गल्ल्यात जमा होत नाही. तो खाजगी रोपवाटिकांत, बागायतदारांच्या उत्पन्नात आणि काजू फोडायच्या कारखान्यांत बसलेल्या बायकांच्या मजुरीत विखुरतो. वेंगुर्ल्याच्या जाती गोव्यात आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही लागल्या आहेत, त्यांचा पैसा दापोलीला कोण आणून देणार? सार्वजनिक खर्चाने संशोधन करायचे ते याचसाठी.

खोल्यांच्या भाड्याविषयी मी माझे मत सांगत नाही, एका अभ्यासाचा निष्कर्ष सांगते. ॲना व्हॅलेरो आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थशास्त्रज्ञांनी १९५० ते २०१० या काळातील ७८ देशांच्या सुमारे १,५०० प्रदेशांतील जवळजवळ १५,००० विद्यापीठांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. लोकसंख्येच्या प्रमाणात विद्यापीठांची संख्या दहा टक्क्यांनी वाढली, तर त्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न पुढील काळात सुमारे ०.४ टक्क्याने अधिक असल्याचे त्यांना आढळले, आणि शेजारच्या प्रदेशांनाही याचा लाभ पोहोचतो असे दिसले. महत्त्वाचे हे की, विद्यापीठ, तिथले कर्मचारी आणि विद्यार्थी जो खर्च करतात, तेवढ्यावरून हा परिणाम समजावून सांगता येत नाही. शिकलेल्या माणसांची वाढ आणि काही अंशी नवे संशोधन ही त्यामागची कारणे आहेत. आकडा लहान आहे आणि अशा अभ्यासातून प्रत्येक विद्यापीठाविषयी निकाल देता येत नाही, हे मान्य; पण ‘फक्त भाडे आणि खानावळ’ हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही.

मुले बाहेर जातात, हे मात्र खरे आहे, आणि ते मला नाइलाजाने कबूल करावे लागते. कृषी पदवी घेतलेली कितीतरी मुले स्पर्धा परीक्षांच्या मागे लागतात, आणि कोकणातून मुंबईला जाणारी वाट विद्यापीठ आल्याने थांबलेली नाही. राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांत प्राध्यापकांची आणि शास्त्रज्ञांची पदे रिकामी राहतात, हेही खरे. काजू बीचा दर पडतो तेव्हा बागायतदाराला होणारा त्रास मी घरात पाहिला आहे. पण दर पडतो तो परदेशातून येणाऱ्या स्वस्त कच्च्या बीमुळे आणि व्यापाराच्या धोरणामुळे, आणि त्याचा राग संशोधन केंद्रावर काढून दर वाढणार नाही.

राहिला प्रश्न पैसे थेट खात्यात भरण्याचा. ती रक्कम एका हंगामाच्या खतात आणि मजुरीत संपेल. वेंगुर्ला-४ ला आता चाळीस वर्षे उलटून गेली आणि मामाने लावलेली झाडे अजून धरतात. त्यांच्यावर खोडकिडा येतो, मोहोराच्या वेळी ढेकण्या ही कीड येते, आणि तेव्हा मामेभाऊ फवारणीचा सल्ला विचारायला जातो तो वेंगुर्ल्याच्या केंद्रातच. रिकाम्या जागा भरा, अशी मागणी करणारा मजकूर त्याने लिहावा. तो मी स्वतः दहा गटांवर पाठवीन.