नवी नोकरी, सातवा आठवडा

परवा रात्री साडेअकराला एका धाकट्या मैत्रिणीचा मेसेज आला. "ताई, जागी आहेस का? सोमवारी जॉइनिंग आहे आणि आज टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्यांना आता काय सांगू? फसवल्यासारखं वाटतंय गं."

फसवल्यासारखं. हा शब्द वाचला आणि माझी झोप उडाली, कारण हाच शब्द मीही एकदा स्वतःला लावून घेतला होता. तिला उत्तर लिहायला बसले तर ते संपेचना, म्हणून इथे लिहिते आहे. तिच्यासारख्या अजून कितीतरी जणी असतील.

माझं असं झालं. २०२२ च्या जुलैमध्ये चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्ससाठी मुलाखत दिली. ऑगस्टच्या सुरुवातीला ऑफर आली. जुन्या ठिकाणी चार वर्षं झाली होती, तिथे राजीनामा दिला. नोटीस पीरियड संपायला आठ-दहा दिवस राहिले असताना घरी टेस्ट केली. दोन रेघा आल्या. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि आम्ही वाट बघत होतो. आनंदाने रडले, आणि पुढच्याच मिनिटाला मनात आलं, आता नोकरीचं काय?

जॉइनिंगच्या आधी मेडिकल होतं. रक्त, लघवी, डोळे, कान, ईसीजी झालं. शेवटी छातीचा एक्स-रे. त्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'आपण गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा'. रोज शेकडो बायका ती पाटी न वाचता आत जात असतील. मी तिथे उभी राहिले, अंगात निळा गाऊन, हातात काढलेलं मंगळसूत्र. आत पंचविशीतला एक मुलगा मशीन खालीवर करत होता. मी म्हटलं, "थांबा. मी प्रेग्नंट आहे."

तोवर नवरा सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. इस्लामपूरला आईलासुद्धा नाही. माझ्या तोंडून ही बातमी ऐकणारा घराबाहेरचा पहिला माणूस तो अनोळखी मुलगा. त्याने मशीन बंद केलं, फॉर्मवर 'एक्स-रे केला नाही' असं लिहिलं आणि म्हणाला, "बसा मॅडम, पाणी आणू का?" छातीच्या एक्स-रेतून बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन अगदी नगण्य असतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्या वेळी मला तेवढं कळत नव्हतं. फॉर्मवरची ती ओळ कंपनीत जाणार आणि सगळं उघड होणार, एवढंच कळत होतं.

म्हणून जॉइनिंगच्या दिवशी मी स्वतःच एचआरला सांगितलं. समोर बाईच होती, दोन मुलांची आई. ती म्हणाली, "अहो, इंटरव्ह्यूलाच सांगायला हवं होतंत ना."

जुलैमध्ये सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण मला आज ठामपणे म्हणायचंय ते वेगळंच आहे. समजा असतं, तरीही मुलाखतीत ते सांगायला मी बांधील नव्हते. हिशेब येतो का, जीएसटीचे रिटर्न भरता येतात का, हे विचारायला बोलावलं होतं. ते मला येतं. पोटात काय आहे हा त्या खोलीतला प्रश्न नव्हे. सुप्रीम कोर्टाने हे १९९१ मध्येच, नीरा माथूर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात सांगून ठेवलंय. त्यांना भरतीच्या फॉर्ममध्ये मासिक पाळीच्या तारखा आणि आधीची गरोदरपणं विचारली होती. पुढे प्रोबेशनमध्ये असताना बाळंतपण झालं आणि माहिती खोटी दिली म्हणून त्यांना काढलं. कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. तरीही २०२२ च्या जानेवारीत, म्हणजे माझ्या जॉइनिंगच्या आठच महिने आधी, स्टेट बँकेने नव्या भरतीत तीन महिन्यांपुढच्या गरोदर बाईला 'तात्पुरती अपात्र' ठरवणारा नियम समोर आला होता. देशभर ओरड झाली, दिल्ली महिला आयोगाने दखल घेतली आणि तो मागे घ्यावा लागला. एवढी मोठी बँक असं करते, तर चाकणच्या एचआरवर मी किती चिडणार?

त्या एचआरच्या बाईंचं दुसरं वाक्य होतं, "प्रोबेशनमध्ये मॅटर्निटी बसत नाही." हे साफ चुकीचं आहे. हे नीट वाचा, कारण याच वाक्यावर बायका मुकाट राजीनामा देऊन मोकळ्या होतात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात प्रोबेशन आणि पर्मनंट असा भेदच नाही. अट एकच, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण ८० दिवस तेच आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजाही तीच.

मी त्या रात्री कॅलेंडर घेऊन बसले. १२ सप्टेंबरला जॉइन झाले, तेव्हा सातवा आठवडा. बाळंतपणाची अपेक्षित तारीख १ मे. आमचा आठवडा सहा दिवसांचा, म्हणजे ८० दिवस भरायला साधारण साडेतेरा आठवडे. डिसेंबरच्या मध्यावर माझे दिवस भरत होते. पाच दिवसांचा आठवडा असेल तर १६ आठवडे धरा. पहिल्या तिमाहीत जॉइन होणारी बाई तब्येतीने साथ दिली तर ही अट आरामात पूर्ण करते. चटका एका गोष्टीचा बसला. जुन्या कंपनीतली चार वर्षं यात मोजली जात नाहीत, प्रत्येक नव्या मालकाकडे मोजणी पहिल्यापासून. आणि नेमणुकीच्या वेळीच हे सगळे लाभ बाईला लेखी कळवायचे, ही २०१७ च्या दुरुस्तीने कंपनीवर टाकलेली जबाबदारी आहे. माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये त्याची एक ओळ नव्हती. मी कलमांसकट मेल केला, भाषा अगदी नरम ठेवली. चार दिवसांनी 'पॉलिसीनुसार लागू' असं उत्तर आलं. बस, तेवढंच हवं होतं.

पण कागद जिंकला म्हणून पहिले तीन महिने सोपे जात नाहीत. भोसरीहून सकाळी ७:२० ची कंपनीची बस. डिझेलचा वास, मोशीच्या पुढे खड्डे, चाकणच्या तळेगाव चौकात रोजचा जाम. पर्समध्ये आलेपाक, चुरमुऱ्यांची पुडी आणि एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी. ती पिशवी मी दोनदा वापरली, खिडकीकडे तोंड करून, शेजारणीला कळू नये अशी. आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगत नाहीत. आई म्हणायची, चोरओटी होईपर्यंत गप्प राहावं. त्यामागची काळजी खरी आहे, बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांतच होतात. पण उलट्या, चक्कर, न आवरणारी झोप हेही नेमकं त्याच आठवड्यांत असतं. पोट दिसत नाही, त्यामुळे कुणी उठून जागा देत नाही. नव्या ऑफिसात तर तुम्ही कशा आहात हेच कुणाला ठाऊक नसतं. ही नवी बाई सारखी बाथरूमला जाते, कामात लक्ष नाही, एवढंच दिसतं.

नवव्या आठवड्यात, नवरात्र चालू होतं. ऑफिसातल्या सगळ्या जणी एका रंगाच्या साड्यांमध्ये जिन्यावर फोटो काढत होत्या आणि मी बाथरूममध्ये डाग बघत उभी होते. बाहेर कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं, "ये ना, एकच जण राहिलीये." मी तोंड धुतलं, फोटोत उभी राहिले, हसले आणि मग साहेबांकडे गेले. नोकरी जेमतेम दोन आठवड्यांची, खात्यात एकही रजा नाही. साहेब पंचावन्नचे. त्यांनी काही विचारलं नाही, ड्रायव्हरला फोन करून गाडी बोलावली. सोनोग्राफीत ठोके दिसले. डॉक्टरांनी तीन दिवस झोपून राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी मी आले तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "बसमध्ये मागच्या चाकावर बसत जाऊ नका, हादरे बसतात. मधली सीट धरा. मार्च क्लोजिंगचं मी बघतो, आत्तापासून दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा." तो दिवस मी विसरणार नाही.

गरोदरपणातल्या आजारपणासाठी वेगळी, एक महिन्यापर्यंत पगारी रजा कायद्यात आहे. दुर्दैवाने गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझे ते तीन दिवस बिनपगारी गेले.

आणि प्रत्येकीला असे साहेब मिळत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने दहाव्या आठवड्यात सांगितलं आणि पंधरा दिवसांत 'परफॉर्मन्स' म्हणून तिला घरी बसवलं. कायद्यात बाळंतपणाच्या गैरहजेरीत बाईला काढता येत नाही. पण ती हजर असताना, पोट दिसायच्या आधी, दुसरं कारण दाखवून काढली तर तिने काय सिद्ध करायचं? मला इथे कायदा अपुरा वाटतो. दुसरं, ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, मर्यादेपलीकडे पगार असेल तर २६ आठवड्यांचा सगळा पगार त्या एका मालकाने द्यायचा. वीस माणसांच्या कंपनीला ते जड जातं, आणि मग ती कंपनी लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीलाच बोलवत नाही. हा खर्च ईएसआयसारखा सगळ्यांच्या वर्गणीतून व्हायला हवा. मूल सगळ्या समाजाचं म्हणतो ना आपण?

मी १५ एप्रिलपर्यंत काम केलं. क्लोजिंग झालं. मुलगी २८ तारखेला आली.

त्या मैत्रिणीला मी रात्री दीडला लिहिलं, की तू कुणाला फसवलेलं नाहीस. सोमवारी निर्धास्त जा. एक्स-रेच्या खोलीत मात्र आधी सांग, तिथे लाजू नकोस. ऑफिसात कधी सांगायचं ते तुझी तब्येत बघून तू ठरव, पण सांगशील ते मेलवर, तारखेसकट. ग्रुप इन्शुरन्समध्ये बाळंतपण पहिल्या दिवसापासून धरतात का, ते जॉइनिंगच्या कागदांतच बघून घे. बसची मधली सीट धर.

तिचं उत्तर सकाळी आलं. "ताई, ८० दिवस मोजले. १० जानेवारीला भरतात."