टोकियोचं बंड जिंकलं असतं तर जपान वाचला असता?

टोकियोतल्या १९३६ च्या लष्करी बंडाबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा दावा थोडक्यात असा : शेतकऱ्यांचे हाल न बघवल्यानं तरुण अधिकारी सत्ताधाऱ्यांवर उठले; त्यांना युद्ध नको होतं; बंड फसलं म्हणून लष्करशाही आली. मला हे वाचून फार वाईट वाटतं, कारण मारेकऱ्यांना हुतात्मे करताना मेलेल्यांची नावंसुद्धा यात येत नाहीत.

शेतकऱ्यांच्या मुद्द्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो. १९३० मध्ये रेशमाचे भाव कोसळले, १९३४ मध्ये ईशान्येकडच्या तोहोकू भागात पीक बुडालं, कर्जापायी लोकांनी मुली विकल्या. त्या घरांतली पोरं पलटणीत यायची आणि त्यांचं ऐकून लेफ्टनंट, कॅप्टन पेटायचे. पण २६ फेब्रुवारीच्या पहाटे बर्फातून चालत जाऊन त्यांनी मारलं कुणाला? अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियोंना. एक्क्याऐंशी वर्षांच्या या माणसाला अंथरुणातच गोळ्या घातल्या, वर तलवारीचे वार केले. याच ताकाहाशींनी १९३१ च्या अखेरीपासून सरकारी खर्च वाढवून जपानला मंदीतून बाहेर काढलं होतं. १९३२ पासून खेड्यांत रस्त्यांची, पाटबंधाऱ्यांची कामं निघाली तीही त्यांच्याच काळात. ती पुरेशी नव्हती आणि तीन वर्षांत बंदही झाली, हे मान्य. पण लष्कराचा त्यांच्यावर राग होता तो खेड्यांसाठी नव्हे. १९३५ च्या अखेरीस अंदाजपत्रक ठरताना ते लष्कराच्या मागण्यांना आडवे गेले होते.

आणि ज्यांच्या नावानं हे सगळं चाललं होतं ती शेतकऱ्यांची पोरं? अधिकाऱ्यांनी जवळपास १,५०० जणांना बराकींतून बंडासाठी बाहेर नेलं. त्यातले कित्येक जानेवारीतच भरती झालेले. रात्रीचा सराव आहे असं समजून बरेच जण निघाले होते.

त्या सकाळी बंडखोरांनी लष्करमंत्री कावाशिमांपुढे मागण्या मांडल्या. त्यात कर्जमाफी नाही, जमीन नाही, धान्य नाही. अमुक जनरलांना अटक करा, तमुक अधिकाऱ्यांना काढा, असंच बहुतेक सगळं. ‘युद्ध नको होतं’ म्हणणाऱ्यांनी त्यातली एक मागणी जरूर वाचावी : रशियाला धाक बसावा म्हणून जनरल अराकींना मांचुरियातल्या, म्हणजे ईशान्य चीनमधल्या, जपानी क्वांतुंग सैन्याचं प्रमुख करा. हे अराकी लष्करमंत्री असतानाच १९३३ मध्ये जपाननं चीनचा जेहोल प्रांत घेतला आणि राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) सोडला. बंडखोरांना जवळच्या या अराकींच्या गटाचा रोख चीनपेक्षा रशियावर होता, एवढंच. त्याला शांतता म्हणत नाहीत.

राहिला शेवटचा दावा, बंड फसलं म्हणून लष्करशाही आली हा. बंड चार दिवसांत मोडलं. सम्राट हिरोहितो इतके संतापले होते की शाही पलटण घेऊन मी स्वतः जातो म्हणाले. १९३२ मध्ये पंतप्रधान इनुकाईंना मारणाऱ्यांपैकी एकालाही फाशी झाली नव्हती. या वेळी बंद दाराआड, वकिलाविना खटले चालले आणि एकोणीस जणांना गोळ्या घातल्या. बंडखोरांना आपले वाटणारे जनरल माझाकी मात्र निर्दोष सुटले.

बंडखोर गेले, पण त्यांनी बसवलेली दहशत लष्करानं वापरली. नव्या मंत्रिमंडळात कोण असावं हे लष्कर सांगू लागलं. मे १९३६ मध्ये नियम आला : लष्करमंत्री व नौदलमंत्री सेवेतलेच अधिकारी हवेत. म्हणजे लष्करानं माणूस दिला नाही तर मंत्रिमंडळच उभं राहणार नाही. याचा पहिला मोठा फटका जानेवारी १९३७ मध्ये जनरल उगाकींना बसला. १९२५ मध्ये लष्करमंत्री असताना त्यांनी चार डिव्हिजन कमी केल्या होत्या. खुद्द सम्राटांनी सरकार बनवायला सांगूनही लष्करानं त्यांना मंत्री दिला नाही आणि त्यांना माघार घ्यावी लागली. बंडखोरांनी २६ फेब्रुवारीला ज्यांच्या अटकेची मागणी केली होती, त्या जनरलांत उगाकींचं नाव होतं.