सोलून घ्यायचे तर सोललाच जावे

चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे, गालावरचा वांग आणि डोळ्यांभोवतीच्या रेषा लेसरने घालवून घ्यायच्या, असे आपण एकदा मनावर घेतले की सर्वप्रथम आपल्या नागपुरातले धंतोली आणि रामदासपेठ हे दोन भाग विसरून जावेत. तेथे त्वचारोगतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे लेसर यंत्रे आहेत आणि ते घरापासून अर्ध्या तासावर आहेत, हाच त्यांचा मोठा दोष आहे. ज्या डॉक्टरच्या दवाखान्यात शेजारच्या काकू अंगावर पित्त उठले म्हणून नंबर लावून बसलेल्या सापडतात, त्याने दिलेल्या कांतीला वर्धा रोडवरच्या लॉनमधल्या लग्नात कोण विचारणार? त्याऐवजी सोलला जावे. २०२४ मध्ये दक्षिण कोरियात उपचारांसाठी गेलेल्या परदेशी रुग्णांचा आकडा ११ लाखांच्या पुढे होता आणि त्यांतले निम्म्याहून अधिक त्वचेसाठीच गेले होते. एवढी माणसे काही उगाच जात नसतील, आणि जात असली तरी आपण मागे का राहावे?

घरात एखादा अभ्यासू मेहुणा असतोच. तो सांगेल की ज्या कार्बन डायऑक्साइड लेसरसाठी आपण एवढा समुद्र ओलांडणार आहोत, तो १९६४ मध्ये शोधणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. त्याला शांतपणे उत्तर द्यावे की तो शोध त्यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लावला, म्हणजे बारामतीच्या माणसालाही शेवटी परदेशी जावेच लागले. कोरियात तयार झालेली लेसर यंत्रे भारतातल्या दवाखान्यांतही असतात, हा त्याचा दुसरा मुद्दा असेल. यंत्र आले म्हणून तिथली हवा थोडीच आली, एवढे म्हणून विषय जेवणाकडे वळवावा.

यंत्र नेमके काय करते, याची फार चौकशी करू नये, कारण ती केली की पॅकेजची गोडी कमी होते. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, डोळ्यांना दिसत नाही आणि त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो. परिणामी वरचा थर अक्षरशः वाफ होऊन उडतो आणि खालच्या थराला बसलेल्या उष्णतेमुळे तिथे नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन, तयार होऊ लागते. म्हणजे आपण पैसे मोजून एक मोजूनमापून केलेली जखम विकत घेत असतो, आणि ती भरून काढण्याचे काम पुढे कित्येक आठवडे आपले शरीर विनामूल्य करते. २००४ नंतर रूढ झालेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत सगळा थर न उडवता सुईच्या टोकाएवढे ठिपके मारले जातात आणि मधली त्वचा शाबूत ठेवली जाते, त्यामुळे जखम लवकर भरते; मात्र बैठका अनेक लागतात आणि दोन बैठकांमध्ये निदान महिनाभराचे अंतर ठेवावे लागते. ही माहिती ज्याने पाच रात्री आणि सहा दिवसांची सहल ठरवली आहे, त्याच्या काहीच कामाची नाही.

त्याहून निरुपयोगी गोष्ट म्हणजे आपल्या त्वचेचा रंग. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून माणसांचे प्रकार पाडले, तेव्हा ते गोऱ्या कातडीचे चारच होते. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या रंगांना त्यात पुढे जागा मिळाली. आज सहा प्रकार मानले जातात आणि आपल्याकडची बहुतेक मंडळी चौथ्या-पाचव्यात बसतात. अशा त्वचेला भाजण्याचा धक्का बसला की रंगद्रव्य करणाऱ्या पेशी चवताळतात आणि काही आठवड्यांनी, नेमकी लाली ओसरत असताना, तिथे काळपट डाग उमटू शकतात. वांग तर लेसरने कधीकधी अधिकच गडद होऊन परततो. म्हणून इथला डॉक्टर कुरकुर करतो. तो ऊर्जा कमी ठेवतो, आधी काही आठवडे मलम लावायला सांगतो, कानामागे चाचणीपुरते ठिपके मारून वाट पाहायला लावतो. ओठांवर कधी तापाचे फोड आले होते का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू होत्या का, जुनी जखम कधी गाठीसारखी वाढली होती का, असे घरगुती प्रश्न विचारतो. मुलीचे लग्न दीड महिन्यावर आलेले असताना एवढा धीर कोण धरील? परदेशी जाताना हा सगळा व्याप एजंटच्या व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवून उरकता येतो. फोटो काढताना मोबाइलचा ब्यूटी मोड मात्र चालूच ठेवावा. एजंटला आपले खरे खड्डे दाखवून त्याच्या उत्साहावर पाणी का टाकावे?

आता मुहूर्त. यासाठी एप्रिलसारखा महिना नाही. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि लग्ने तोंडावर असतात. लेसरनंतरच्या ताज्या गुलाबी त्वचेला ऊन अजिबात चालत नाही, असे सगळेच तज्ज्ञ सांगतात. पण त्यांनी नागपूर पाहिलेले नसावे. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तर दरवर्षी न बोलावता येतो. सोनेगावच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकताच जी झळ तोंडावर येते, तिच्याकडे परतीचे स्वागत म्हणून पाहावे. वांग नुसत्या उष्णतेनेही भडकतो, हे तेवढ्यापुरते विसरावे. या शहराने एक सोय मात्र फार पूर्वीच करून ठेवली आहे. दुपट्ट्याने डोके आणि तोंड गच्च आवळून, फक्त डोळे उघडे ठेवून स्कूटीवर जाणाऱ्या बाईकडे इथे कोणीही दुसऱ्यांदा पाहत नाही. कच्च्या त्वचेवर तो दुपट्टा दिवसभर घासतो आणि लाखो रुपयांची कांती कोणाला दिसत नाही, एवढ्या दोन बाबी सोडल्या तर ही व्यवस्था निर्दोष आहे. फाटकापाशी कोणी गाठून ‘काहून वो, तोंड पोळलं काय?’ असे विचारलेच, तर फोडणी उडाली म्हणून सांगावे.

कागदपत्रांचा विचारही थोडक्यात उरकावा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तेव्हापासून इथला डॉक्टर संमतीपत्र हातात ठेवतो आणि धोके समजावून सांगत बसतो, ज्याने रुग्णाचा मूड जातो. तिथे आपण न समजणाऱ्या लिपीतल्या कागदावर प्रसन्न चेहऱ्याने सही करतो. प्रवास विम्यात सौंदर्योपचारांतली गुंतागुंत सहसा धरलेली नसते, पण पॉलिसीची ती ओळ वाचण्याएवढी बारीक नजर आपल्याला असती तर सुरकुत्या एवढ्या वाढल्याच नसत्या.

आणि जूनमध्ये गालांवर डाग उमटलेच, तर सोलला फोन करू नये. तिथे आपल्यावर उपचार करणारा कोण होता, हेच आपल्याला ठाऊक नसते. मुकाट्याने मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जावे आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत चिठ्ठी काढावी. तिथला निवासी डॉक्टर कोणता लेसर होता, ऊर्जा किती दिली, किती वेळा फिरवला, असे विचारील. त्याला कोरियन भाषेतली फाइल, बिल आणि स्वागतकक्षातल्या मुलीबरोबरची सेल्फी दाखवावी. तो बिचारा मलम, सनस्क्रीन आणि कित्येक महिन्यांचा धीर लिहून देईल. ते निमूटपणे चालू ठेवावे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत इडापिडेबरोबर ‘डाग घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळीही द्यावी. तोपर्यंत मलमाला तीनेक महिने झालेले असल्याने गुण दिसू लागण्याची शक्यता बरीच असते. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी चेहऱ्याचे कौतुक केले की सोलचे नाव सांगावे, मेडिकलच्या चिठ्ठीबद्दल अवाक्षर काढू नये, आणि हनुवटीवर उरलेल्या दोन-चार डागांसाठी पुढच्या एप्रिलची तिकिटे स्वस्त असतानाच काढून ठेवावीत.