नाकामुरांनी कथापट एकच काढला, बरं झालं

जपानी-अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट नाकामुरा 2025 मध्ये गेले. 88 वर्षांचे होते. आपल्याकडच्या सिनेमावाल्या मंडळींच्या भिंतीवर मला एक ओळ दिसली नाही. ठीक आहे, ऑस्कर-कान वगैरे भानगड नव्हती. पण अमेरिकेतल्या आशियाई सिनेमाचं घर ज्यांनी बांधलं, त्यांत हा माणूस पहिल्या फळीत होता.

दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई जुंपल्यावर 1942 मध्ये अमेरिकन सरकारने सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक, उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत टाकलं. लहानगे नाकामुरा आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियातल्या मांझनारला गेले. मोठेपणी फोटोग्राफर झाले, ईम्स या नामांकित डिझायनर दांपत्याच्या ऑफिसात काम केलं. तिथेच राहिले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं.

त्याऐवजी 1970 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी सोबत्यांना घेऊन 'व्हिज्युअल कम्युनिकेशन्स' ही आशियाई-अमेरिकनांची माध्यमसंस्था काढली. सुरुवातीचं एक मोठं काम म्हणजे छावण्यांच्या फोटोंचं, ठोकळे रचून उभं केलेलं प्रदर्शन. हे ठोकळे उचलून कुठेही नेता येत. ज्या घरांत आईबाप छावणीचं नाव काढत नव्हते, त्याच वस्तीत ते मांडायचे! मला हे त्यांच्या सगळ्या सिनेमांपेक्षा धाडसाचं वाटतं.

1980 मध्ये त्यांनी ड्वेन कुबोंबरोबर 'हितो हाता' हा कथापट काढला. लिटल टोकियो या लॉस एंजेलिसमधल्या जपानी वस्तीतला एक म्हातारा कामगार, विकासाच्या नावाखाली त्याचं राहतं हॉटेल पाडायला निघालेले लोक, आणि मुख्य भूमिकेत माको हा जपानी-अमेरिकन नट. (गिरणगाव पाहिलेल्याला गोष्ट समजवावी लागणार नाही.) या सिनेमापायी संस्था कर्जात बुडाली. करिअरच्या हिशेबात हे अपयशच. मी म्हणतो, बरं झालं. नाहीतर दुसरा, तिसरा कथापट करत ते फेस्टिव्हलांमागे फिरले असते.

ते शिकवायला गेले. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पिढ्या घडवल्या, पत्नी कॅरेन इशिझुका यांच्यासोबत जपानी-अमेरिकन संग्रहालयात माध्यम केंद्र उभं केलं. आणि दोघांनी मिळून 'समथिंग स्ट्राँग विदिन' केला. छावण्यांत सुरुवातीला जपानी-अमेरिकनांना कॅमेरे ठेवायला बंदी होती. तरी काहींनी चोरूनमारून, काहींनी पुढे बंदी सैल झाल्यावर घरगुती कॅमेऱ्यावर चित्रण केलं, ते गोळा करून हा माहितीपट रचलाय. निवेदन जवळजवळ नाही. बर्फात खेळणारी पोरं, मोची या जपानी पदार्थासाठी भात कुटणारी माणसं, कॅमेऱ्याकडे बघून लाजणाऱ्या बायका. दिग्दर्शकाने स्वतःला पूर्ण मागे ठेवलंय. 'हे काय दिग्दर्शन झालं?' असं विचारणारे भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

आपल्याकडेही 1962 च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे 3,000 भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. सुटल्यावर बरेच जण देश सोडून गेले, कित्येक टोरांटोला. त्यांच्यावर काही पुस्तकं आली, माहितीपट झाले. पण घरोघर जाऊन पेट्या उघडायला लावणारी, पन्नास वर्षं टिकणारी संस्था आपल्याकडे कुठे आहे? अमेरिकेने 1988 च्या कायद्याने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. आपल्याकडे ना माफी, ना भरपाई. त्या माफीमागे आंदोलनं होती, साक्षी होत्या, आणि लोकांनी तोंड उघडावं म्हणून आधी गल्लीगल्लीत फिरलेले ते ठोकळेही होते.

नाकामुरांचा मुलगा तादाशी हाही दिग्दर्शक. वडिलांवरचा त्याचा 'थर्ड अ‍ॅक्ट' 2025 च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. कुणी पाहिला असेल तर कमेंटमध्ये सांगा, इथे कुठे बघायला मिळेल?